साड्यांचा बोगदा

आमचे बाबा बाजारातून मिठाची पिशवी आणली तरी चिमूटभर चाखून बघायचे. मीठ गोड निघालं असतं तर काय करणार होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आई त्यांच्या एक पाऊल पुढे. शेजारीण वाटीभर पातोड्यांचा रस्सा घेऊन आली, की तिच्यासमोर आई तोंडभर कौतुक करायची आणि तिची पाठ वळताच विचारायची, "आज काऊन आली असन व ही?" दूधवाल्याच्या देखत दूध तापवलं जायचं. पाहुण्याने भाजीची फार वाखाणणी केली तर त्याला काहीतरी मागायचं आहे, असं आमच्या घरात ठरून गेलेलं असायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीचा स्वभाव कसा होणार? आता या वयात डॉक्टरांनी गोळी बदलली की मी जुनं आणि नवं अशी दोन्ही पाकिटं उजेडात धरून बघते. सूनबाई हसते. हसू दे.

आमचं गाव वरवट बकालच्या अलीकडे. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते आणि तिथूनच रानडुकरं उतरतात. हरभरा पेरला की सगळी वावरं साड्या नेसायची. घरातल्या, मामीच्या, मावशीच्या, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीकडून परत मागून घेतलेल्या जुन्या साड्या खुंटांना बांधून बांधाभोवती ताणलेल्या असायच्या. लांबून बघितलं तर एखाद्या मोठ्या लग्नातल्या बायका हात धरून उभ्या आहेत असं वाटायचं. दिवस मावळायला लागला की कुठे डबे बडवल्याचा आवाज, कुठे बॅटरीच्या भोंग्यातून भुंकणारी कुत्री, आणि मधूनच एखाद्या म्हाताऱ्याची खरीखुरी आरोळी. डुकरं या सगळ्याला सरावली होती. म्हणून जो तो साड्यांना आपापलं औषध लावायचा. कोणी सडकी अंडी, कोणी आंबलेलं ताक, कोणी न्हाव्याकडचे केस. औषध कोणतं ते मात्र सख्ख्या भावाला सांगायचं नाही, कारण सगळ्यांनी तेच लावलं तर डुकरं पुन्हा आपल्याच वावरात येतील, असा हिशोब. बाबांचंही काहीतरी होतं. ते आईलाही ठाऊक नव्हतं.

आमच्या वावराला लागून युनूसचाचांचं वावर. लहानसंच, पण नेटकं. चाचांचा खरा धंदा शिलाईचा. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान होतं आणि पंचक्रोशीतल्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याच हातचे. त्यांची मुलगी शबनम माझ्याबरोबर कॉलेजात होती. एकाच बसने जायचो, एकाच बाकावर बसायचो, आणि तिच्या डब्यातला खिमा मी खाल्ला की आईला न सांगण्याची जबाबदारी आम्हा दोघींची. शबनमची कुत्री म्हणजे जिलबी. शेपूट गोल वळलेली, म्हणून जिलबी. चाचांच्या घरात कुत्र्याला यायला मनाई होती, त्यामुळे ती वावरातल्या झोपडीशी राहायची आणि ऊन चढलं की आमच्या कुंपणाच्या साड्यांखाली सावलीला येऊन पडायची. शबनम रोज तिला भाकर घेऊन जायची. आईने कधी माझ्यासोबत पाठवलेली शिळी भाकर तिने जिलबीला घातली नाही. ताजी करून न्यायची. आईला त्याचाही संशय यायचा, की एवढं कुत्र्याचं करते म्हणजे पोरीच्या मनात काही आहे.

होतंच. ते फौजीकाकांनी घातलं होतं. फौजीकाका लष्करात कुत्र्यांच्या तुकडीत होते आणि निवृत्त होऊन गावात आले तेव्हा त्यांच्याजवळ पेन्शन, एक शिट्टी आणि गावाला न समजणारा एक खेळ एवढंच होतं. कुत्र्याने मालकाच्या हाताच्या खुणेवर उड्या माराव्यात, टायरमधून जावं, जमिनीत रोवलेल्या काठ्यांच्या ओळीतून नागमोडी निघावं, चढणीच्या फळीवरून उतरावं आणि बोगद्यातून पार व्हावं. जो कमी वेळात, न चुकता करील तो जिंकला. शेगाव-खामगावकडे डॉक्टर आणि व्यापारी लोकांनी पाळलेली मोठमोठी कुत्री आहेत, त्यांना बोलवू आणि वरवटच्या बाजाराच्या मैदानात स्पर्धा घेऊ, असं काकांच्या मनात आलं. गावाने विचारलं, यात तुमचा काय फायदा? काका म्हणाले, काही नाही. तेव्हापासून गाव त्यांच्याकडे जास्तच बारकाईने बघायला लागलं.

रिंगणात काम करायला माणसं हवी होती. मी आणि शबनम गेलो, कॉलेजची आणखी चार पोरं आली. कामं दिसायला साधी. उडी मारताना कुत्र्याने पाडलेला दांडा परत खाचेत ठेवायचा, बोगदा वाकला तर सरळ करायचा, सुरुवातीला काढलेला पट्टा धावत शेवटच्या जागी नेऊन मालकाच्या हातात द्यायचा. पण काकांचे नियम कडक. कुत्रं धावत असताना हलायचं नाही, हसायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, खिशात चिवडासुद्धा ठेवायचा नाही. पहिल्या दिवशी मला शिंक आली आणि काकांनी मला चिंचेखाली बसवून ठेवलं. महिनाभर आम्ही काकांच्या वाडग्यात, म्हणजे घरामागच्या कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, सराव केला. काकू ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कढी द्यायच्या आणि आम्ही भिंतीच्या सावलीत बसून जेवायचो. तो ठेचा मला अजून आठवतो, दगडावर रगडलेला, वरून जवसाचं तेल. शबनम सरावात जिलबीला घेऊन यायची. ती काम करणाऱ्यांतही होती आणि स्पर्धेतही. काकांच्या मते त्यात वावगं काही नव्हतं, लष्करात असंच चालायचं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, की हे गावाला पटायचं नाही.

टायर मिळाला, काठ्या मिळाल्या, फळी सुताराने दिली. अडलं बोगद्याला. शहरात तो तयार मिळतो, पण काकांनी ठरवलं की आपण प्लॅस्टिकच्या नळीची कडी करू आणि वरून साड्या शिवू. घरोघरी जुन्या साड्या मागितल्या. आईने ऐनवेळी वावरातल्या खोलीत ठेवलेल्या गाठोड्यातल्या तीन साड्या काढल्या, तिथल्याच विहिरीवर पावडरमध्ये खळखळून धुतल्या आणि माझ्या हातात दिल्या. युनूसचाचांनी सगळ्या साड्या उभ्या जोडून, कड्यांवर दुहेरी शिलाई मारून असा सुरेख बोगदा शिवला की काका त्याला हात लावून बघत राहिले. एक पैसा घेतला नाही. "पोरीचा खेळ हाय," एवढंच म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी मैदानाला बाजारापेक्षा जास्त गर्दी. गाड्यांतून उतरलेली कुत्री बघायला बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. खामगावच्या एका डॉक्टरांचं सोनेरी लॅब्रेडॉर, शेगावच्या एका व्यापाऱ्याचा जर्मन शेफर्ड, कोणाचं पांढरं झुपकेदार काहीतरी, ज्याला आमच्या गावची एक म्हातारी बराच वेळ मेंढी समजत होती. संग्रामपूरहून वनखात्याचे साहेब पाहुणे म्हणून आले होते. सुरू होण्याआधीच कुरबुरी सुरू झाल्या. व्यापारी म्हणे, डॉक्टरांच्या खिशात मटण आहे. डॉक्टर म्हणे, व्यापाऱ्याने आदल्या दिवशी येऊन कुत्र्याला मैदान हुंगवून नेलं. फौजीकाकांनी सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावले, आमचेसुद्धा. माझ्या खिशातून हातरुमाल निघाला तर एका बाईने तो हुंगून बघितला. मला राग नाही आला. मीही तेच केलं असतं.

लॅब्रेडॉर पहिलं सुटलं. उड्या सुरेख, टायर सुरेख, काठ्यांतून पाण्यासारखं निघालं. बोगद्याच्या तोंडाशी आलं आणि खिळलं. मानेवरचे केस उभे, शेपूट पोटाखाली. डॉक्टर ओरडत राहिले, कुत्रं मागे मागे सरत राहिलं. कुत्र्याने नकार दिला म्हणून पंचांनी हात वर केला, पुन्हा केला, आणि ते बाद झालं. लोक हसले. मग शेफर्ड आला. एवढं धिप्पाड जनावर, पण बोगद्यापासून हातभर अंतरावर बसलं आणि कण्हायला लागलं. हसू थांबलं. तिसरं, चौथं, पाचवं, सगळ्यांचं तेच. पांढरं झुपकेदार तर दोरी ओलांडून गाडीत जाऊन बसलं. आणि मग शबनम जिलबीला घेऊन उतरली. जिलबीचा एक दांडा पडला, चढणीवर ती घसरली, पण बोगद्यात ती आपल्या घरात शिरावी तशी शिरली आणि पलीकडून बाहेर आली. टाळी फक्त फौजीकाकांनी वाजवली, तीही एकदाच.

मी बोगद्याच्या शेजारी उभी होते आणि सगळ्यांत आधी माझ्याच मनात आलं, की शबनमने काय केलं? ती माझी जिवाभावाची मैत्रीण. पण आमच्या घरातली माणसं आधी शंका घेतात, मग नातं आठवतात. जिलबी धावताना शबनमची मूठ मिटलेली होती का, हे मी आठवून बघितलं. मिटलेली होती. पण मूठ तर माझीही मिटलेली होती.

बक्षिसाची ढाल काकांनी दिली नाही. चौकशी होईपर्यंत माझ्या घरी राहील, म्हणाले. दिवस मावळायच्या आत गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागला, बोगद्यापुढे कण्हणारा शेफर्ड आणि त्याच्या मागोमाग बिनधास्त शिरणारी जिलबी. खाली लोकांनी लिहिलं होतं, बोगदा कोणी शिवला ते बघा. कोणी म्हणे शिवणीत पुडी घातली, कोणी म्हणे कुत्र्यांना न मानवणारं तेल. त्यात कोणी आणखी वाईट लिहिलं, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांचे मुंज-लग्नाचे कपडे चाचांनीच शिवले होते. आठवडाभरात त्याचा परिणाम दिसला. लग्नसराई तोंडावर, आणि बायका शिवलेले ब्लाउज घेताना दुकानातच उलटे करून शिवण चाचपायला लागल्या. नवीन कापड तर कोणी टाकेचना. एकीने अर्धवट शिवलेलं परत मागितलं. चाचांनी सुई काढून ते देऊन टाकलं. दुकानाच्या भाड्यापासून शबनमच्या कॉलेजपर्यंत सगळं त्या मशीनवर होतं, आणि मशीनचा आवाज बसस्टँडवर ऐकू येईनासा झाला. शबनमने कॉलेजला येणं सोडलं.

मग फौजीकाकांनी सगळ्यांना वाडग्यात बोलावलं. आधी गावातली चार कुत्री बोगद्याजवळ आणून बघितली. एकही शिरलं नाही. मग त्यांनी चाचांना विचारलं, शिवणी उसवून बघायच्या का? चाचा खाली बसले. खिशातून छोटी कात्री काढली आणि पन्नास माणसांसमोर स्वतः घातलेली दुहेरी शिलाई स्वतःच उसवायला लागले. मला बघवेना. टाका न् टाका त्यांनी उसवला, प्रत्येक पदर झटकून दाखवला. काही निघालं नाही. तरी कोणाचं समाधान झालं नाही. एक जण म्हणाला, आधीच काढून ठेवलं असेल. शबनम वडिलांच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरीकडे बघत होते असं तिला वाटू नये म्हणून मी तिच्याकडेच बघत राहिले.

साड्या धुऊन ज्याच्या त्याच्या घरी दे, असं काका मला म्हणाले. मी ते ओझं सायकलवर घालून घरी आणलं आणि गोठ्यातल्या दोरीवर टाकलं. टाकायचा अवकाश, आमच्या शेळीने दावं तोडलं आणि ती अंगणातून थेट रस्त्यावर पळाली. बैल फुरफुरायला लागले. आई भाकरी टाकत होती, ती तव्यावरची भाकर तशीच ठेवून उठली. तिने शेळी धरून आणली आणि मग जे केलं ते फक्त आमची आईच करू शकते. एकेक साडी दोरीवरून काढून शेळीच्या तोंडापुढे धरली. पाटलीणबाईंच्या साडीचा काठ शेळीने चघळला. गुरुजींच्या घरची साडी हुंगली आणि सोडली. आमची जांभळी साडी पुढे आली तशी शेळी चारही पाय रोवून ओरडायला लागली. दुसरी आमची, तेच. तिसरी आमची, तेच. आईने ती साडी नाकाशी नेली. साबणाचाच वास. तिने माझ्याकडे बघितलं, मग करपलेल्या भाकरीकडे, आणि म्हणाली, "तुया बापाले येऊ दे."

बाबा जेवायला बसले. आंबाडीची भाजी, भाकर, कांदा. आईने ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांच्यासमोरच बसली. बसली म्हणजे काहीतरी आहे, हे बाबांना कळलं.

"वावरातल्या साड्यांले काय लावलं होतं तुम्ही?"

बाबांनी घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावला. मग सांगितलं. डोंगरापलीकडे गुरं चारणारा एक जण होता. त्याच्याकडून वाघाची घाण आणली होती. मडक्यात कालवून साड्या त्यात बुचकळल्या आणि वाळवून हरभऱ्यासाठी बांधून ठेवल्या. दोन वर्षं तेच करत होते आणि डुक्कर आमच्या बांधाला शिवत नव्हतं. आईने विचारलं, स्पर्धेत कुत्री थांबली तेव्हा तुम्ही तिथंच होते ना? बाबा म्हणाले, होतो. "मंग बोलले काऊन नाई?" बाबांनी कांदा फोडला. जंगलातून काडी आणायला बंदी आहे, आणि खात्याचे साहेब समोर खुर्चीवर बसलेले. आपण तर अडकलो असतोच, पण तो गुराखी गरीब माणूस, त्याला उचलून नेलं असतं. आणि मग दिवस जात गेले तसं तोंड उघडणं अवघड होत गेलं.

आईने आवाज चढवला नाही. "युनूसभाऊनं लोकाईसमोर शिलाई उसवली," ती म्हणाली. "तुमच्या साड्यांची." एवढं म्हणून ती उठली आणि चुलीशी गेली. बाबांनी ताटात हात धुतला. भाकर अर्धी तशीच राहिली होती. मला त्यांची कीव आली आणि भयंकर राग आला, दोन्ही एकदम. मिठाच्या पिशवीवर विश्वास नसलेला माणूस स्वतः असं काही दाबून बसला होता, आणि आम्ही सगळे बाहेर शोधत होतो.

बाजाराच्या दिवशी, बसस्टँडवर गर्दी असताना, बाबा चाचांच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. मी मागे होते. त्यांनी टोपी काढली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की त्या साड्यांना मी वाघाची घाण लावली होती, घरच्या बाईला ठाऊक नव्हतं, युनूसचा यात काही दोष नाही. गुराख्याचं नाव घेतलं नाही, माझ्याच बांधावर सापडली म्हणाले. पहिल्यांदा लोक हसले. मग ऐकायला जवळ सरकले. जिलबी आमच्या कुंपणाखाली झोपते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे तिला त्या वासाचं काही का वाटलं नाही हे कोणाला समजावून सांगायला लागलं नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण चाचा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"मले समजलं होतं भाऊ," ते म्हणाले. "शिवताना इस्त्री फिरवली तवाच वास आला होता. वावर लागून हाय आपलं, तोच वास दोन साल घेऊन राह्यलो."

बाबांनी विचारलं, "मंग लोकं नाई नाई ते बोलले, तवा सांगितलं काऊन नाई?"

चाचांनी मशीनवरचं कापड सरळ केलं. "तुम्ही बोलले नाई म्हणून."

बाबांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. ते चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि चाचांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. पण गर्दीने काय ऐकलं? गर्दीने ऐकलं, याला माहीत होतं. आम्ही घरी परत येईपर्यंत गावात नवीन गोष्ट तयार झाली होती. वास ठाऊक होता, म्हणजे बाकीची कुत्री अडणार आणि आपली जाणार हेही ठाऊक होतं, म्हणूनच फुकट शिवून दिला. कोण कोणाला फुकट काही देतं? चाचांनी सांगून बघितलं, की धुतलेल्या कपड्याचा वास कुत्र्याला एवढा लागतो हे मला काय माहीत. ऐकतो कोण? पुढे एक वनरक्षक आमच्या घरी येऊन गेला. बांधावर सापडली या गोष्टीवर त्याचाही विश्वास बसला नाही, पण चहा पिऊन गेला. बाबांवरचं तेवढ्यावर निभावलं. चाचांवरचं निभावलं नाही. कबुलीच्या आधी दुकानात एखादी तरी बाई डोकावायची, आता तीही बंद झाली.

मग शबनम एकटी फौजीकाकांकडे गेली आणि म्हणाली, स्पर्धा पुन्हा घ्या. मला ढाल नको, फक्त बोगदा ताडपत्रीचा करा. काकांनी सगळ्यांना फोन केले. डॉक्टर आले, व्यापारी आला, झुपकेदार पांढरंही आलं. या वेळी कोणी हसत नव्हतं. सगळं गाव दोरीला टेकून उभं, जणू कुत्री नाही, शबनमच धावणार आहे. शबनमला या वेळी काकांनी कामात घेतलं नव्हतं. मी काठ्यांच्या ओळीजवळ होते, ती या वेळी सगळ्यांत शेवटी लावली होती. ताडपत्रीच्या बोगद्यातून सगळी कुत्री सरळ गेली. लॅब्रेडॉर उत्तम धावलं. शेफर्डने एक दांडा पाडला.

जिलबी शेवटी. इतकं सुंदर धावताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं. उड्या नीट, टायर नीट, चढणीवर पाय घसरला नाही, बोगद्यातून गोळीसारखी बाहेर. गर्दीत कोणीतरी घड्याळ बघून म्हणालं, पुढे आहे. आणि हे म्हणणाऱ्याच्या आवाजात आनंद नव्हता. जिलबी काठ्यांत शिरली, डावीकडून, उजवीकडून, तिची नजर शबनमवर. मी दोन हातांवर होते. ओळ अर्धी झाली असेल तेव्हा शबनमने हात बाजूला टाकला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "जिलबी, ये." आवाज माझ्यापलीकडे कोणाला गेला नसेल. जिलबीने ओळ सोडली आणि तिच्याकडे आली. पंचांनी हात वर केला.

मैदानाने श्वास सोडला. मग टाळ्या पडल्या, पहिल्या वेळी पडल्या नव्हत्या तेवढ्या. डॉक्टरांनी शबनमच्या डोक्यावर हात ठेवला, जिलबीचे लाड केले. बायका म्हणायला लागल्या, बिचारीचं कुत्रं चांगलं आहे पण शहरातल्यांपुढे कसं टिकणार, उगाच टेलरला नावं ठेवली. जिंकलेल्या जिलबीवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, हरलेल्या जिलबीवर चटकन ठेवला. ढाल लॅब्रेडॉरला गेली. त्याच दुपारी चाचांच्या दुकानात कापड पडायला लागलं. आईने स्वतः दोन ब्लाउजपीस नेऊन टाकले आणि ते शिवून आल्यावर उलटे करून बघितले नाहीत. तिच्या मानाने ती फार मोठी गोष्ट.

मी शबनमसोबत वावरात गेले. तिने जिलबीला झोपडीशी बांधलं, फडक्यातून ताजी भाकर काढली. मी विचारलंच. माझ्याने राहवलं नसतं.

"तू आवाज काऊन दिला मधीच?"

ती भाकर कुस्करत होती. थांबली नाही. "दुकानात आज किती बायका आल्या, पाह्यल्या?" ती म्हणाली. "हे जिंकली असती तं एक बी आली नसती, आशू."

त्या गावाचा, माझ्या घराचा, टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक हाताचा मला इतका राग आला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शबनम मात्र रडत नव्हती. ती जिलबीसमोर भाकर धरून बसली होती आणि जिलबी खात नव्हती. कान पाडून, मान खाली घालून, सरावात एखादी उडी चुकली की काकांनी तिला दामटल्यावर बसायची तशी बसली होती. शबनमने तिचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं. तिने नजर वळवली.

"बाकीच्याईचं तं झालं," शबनम म्हणाली. "हिले कोन सांगन, तू चुकली नाई म्हणून?"